काळा न पडलेला चहा

१

नेहारुनच्या मयताला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, देऊन बायका बाहेर आल्या आणि त्यांनी जे सांगितले, त्यानंतर शिमुलछडा गावाने दिवस मावळायच्या आत दारे लावून घ्यायला सुरुवात केली. आठ महिन्यांची गर्भार बाई. अंगावर जखम नाही, कपड्यावर डाग नाही, आणि आंघोळीचे पाणी शेवटपर्यंत स्वच्छ. पण पापणी उलटून पाहिली तर आत पांढरे, जीभ पांढरी, नखेही पांढरी. रक्त कुठे सांडले नव्हते आणि शरीरात उरलेही नव्हते. मग ते गेले कुठे?

गावापाशी याची दोन उत्तरे होती. वडीलधाऱ्यांच्या मते ते टेकडीखालच्या मातीच्या खाणीतली बाई प्यायली. तरुणांना हे पटत नव्हते. त्यांच्या मते आरोग्यसेविका दिलाराने सरकारी लोहाच्या गोळ्या परस्पर विकल्या आणि गर्भार बायकांना खडूच्या गोळ्या वाटल्या. दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने बंदोबस्त केला होता. खाणीच्या वाटेवर ताईत टांगले गेले होते आणि दिलाराच्या क्लिनिकला बाहेरून कुलूप लागले होते.

डॉ. नाजमुन चौधुरी गावात आली ती या कुलपापाशीच थांबली. जिल्ह्यात कुठलीही गर्भार वा बाळंतीण दगावली की तिच्या अंगणात जाऊन बसायचे, कुणालाही दोष न देता विचारपूस करायची आणि मरणाचे कारण शोधायचे, हे तिचे काम. त्याआधीची बरीच वर्षे तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. भूत हे निदान न झालेल्या आजाराचे टोपणनाव आहे, असे तिचे मत होते आणि ते बदलण्याचा प्रसंग अद्याप आला नव्हता.

नेहारुनच्या सासरी तिला ओसरीवर पाट मिळाला. नेहारुनचा नवरा दुबईत होता. मातीला तो पोहोचू शकला नव्हता. घरात सासू कमरुन्निसा, धाकटा मुलगा तोफाएल आणि त्याची बायको मिनारा. मिनारा पान-सुपारीचे तबक घेऊन आली. तिला सातवा महिना होता. उंबरा ओलांडताना तिने चौकट धरली, ओसरीपर्यंतच्या चार पावलांत तिला धाप लागली.

नाजमुनने पान उचलता उचलता तिचा हात धरला आणि तळवा उजेडाकडे वळवला. पानावरचा चुना आणि तो तळवा यांत रंगाचा फारसा फरक नव्हता.

२

"हिला आजच मोठ्या इस्पितळात न्यायला हवं," नाजमुन म्हणाली. "रक्त चढवावं लागेल."

तोफाएल अंगणात आपल्या सीएनजी रिक्षाला टेकून उभा होता. त्याने मान वर केली नाही. "नेऊ की. भाबीला तुमच्या गोळ्यांनी पोहोचवलं, हिला तुमचं इस्पितळ पोहोचवेल."

"तोफा, जीभ आवर," कमरुन्निसा म्हणाली. "पाहुणी आहे."

"पाहुणी नाही, आम्मा, सरकार आहे. आपा, मी अडाणी असेन, आंधळा नाही. भाबी रोज गोळी घ्यायची, मिनाराही घ्यायची. दोघी पांढऱ्या पडल्या. गोळी खरी असती तर असं झालं असतं? आधी ते सांगा. मेळ बसला तर मी स्वतः रिक्षा काढतो. तोवर तुमची एकही गोळी, एकही सुई हिला लागणार नाही."

नाजमुनला राग आला नाही. प्रश्न रास्त होता. तिच्या वरिष्ठांपैकी कुणी तो इतक्या नेटकेपणाने विचारला नव्हता. पण मिनाराच्या हृदयाचे ठोके धावणाऱ्या माणसासारखे पडत होते. उत्तर आजच सापडायला हवे होते.

"चाची, गोळ्या पोटात जात होत्या हे नक्की?"

कमरुन्निसा सडसडीत, ताठ कण्याची बाई. "माझ्या डोळ्यांदेखत. जेवण झालं की मी गोळी काढून हातावर द्यायची. गिळली की तोंड उघडायला लावायची. थोरलीनेही कधी चुकवली नाही, धाकटीनेही नाही. गंज चाटल्यासारखं लागतं म्हणून पोरी ओकायला बघतात. मी पाठीवरून हात फिरवत बसायचे."

"आणि शिकोर?"

म्हातारीच्या चेहऱ्यावर प्रथमच ऊब आली. शिकोर म्हणजे मातीच्या भाजलेल्या वड्या; या मुलखात डोहाळे लागलेल्या बाईला त्यांचा धुरकट वास दुरून ओढून आणतो. "खायच्या ना. पोटुशी पोर मागेल ते द्यावं. पलीकडच्या लुत्फाची सासू वडी दिसली की सुनेच्या हातावर फटका मारते. आमच्यात लपवाछपवी नाही. मी माझ्या हाताने देते."

"माती खाऊन रक्त आटतं, असं नाही वाटत?"

"मग सगळ्या गावाचं आटलं असतं," तोफाएल मध्येच म्हणाला. "लुत्फा बकरीसारखी माती चघळते आणि तिचे गाल बघा. टोमॅटो आहेत."

हाही मुद्दा रास्त होता.

"खाणीतल्या बाईने एकच घर का धरलंय, ते मला माहीत आहे," कमरुन्निसा हळूच म्हणाली. "खाणीची जमीन आमची आहे."

३

दिलारा माहेरच्या घरी, मागच्या खोलीत बसली होती. बोलताना ती सारखी खिडकीकडे बघत होती.

"घरावर माती फेकतात, आपा. शेण परवडलं असतं, ते निदान वाळल्यावर चुलीत घालता येतं." ती हसली आणि उठून खिडकी लावून घेतली. "मी कशाला बदलेन गोळ्या? फुकटच्या गोळ्या विकत घेणार कोण?"

"नेहारुनच्या उरलेल्या गोळ्या मी घेतल्या आहेत. लुत्फाला दिल्या त्या आणि या, एकाच खोक्यातल्या?"

"एकाच. एकाच दिवशी दोन्ही घरी दिल्या."

नाजमुनने मान हलवली. लुत्फा सुदृढ, नेहारुन मृत. गोळी खोटी असती तर दोघींनाही तिने सारखेच फसवले असते.

परतल्यावर तिने मिनाराला एकटीला गाठून सरळ विचारले, "शौचाचा रंग कसा असायचा?"

मिनाराने पदर तोंडावर ओढला. "आपा, काय पण विचारता."

"मला यापेक्षा वाईट प्रश्नांचा पगार मिळतो. सांग."

"काळा. एकदम काळा. नेहार भाबीचाही तसाच असायचा. ती म्हणायची, आत कोळसा पडलाय. गोळी बंद केली तसा थांबला."

खडूने शौच काळे होत नाही, लोहाने होते. म्हणजे गोळी खरी होती आणि गिळलीही गेली होती. फक्त तिच्यातले लोह रक्तात जायच्या ऐवजी पाहुण्यासारखे एका दाराने येऊन दुसऱ्या दाराने निघून जात होते. दिलारा सुटली. पण कोडे सुटायच्या ऐवजी अधिक आवळले गेले.

रक्ताचा दोष माहेरून आला असेल, तर नेहारुन एका कुळातली आणि मिनारा दुसऱ्या. दोघींमध्ये एका थेंबाचेही नाते नव्हते. दोघींत एकच गोष्ट समान होती, हे घर. उरला रक्त पिणारा प्राणी, आणि तसा एक खरोखरच असतो: आतड्याला डसून बसणारा, मातीतून येणारा सुतासारखा जंत. नाजमुनने पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला, ओसरीच्या कडेला उजेडात मांडला आणि मिनाराच्या शौचाचा नमुना तपासला. पुन्हा तपासला. जंताचे एकही अंडे नव्हते.

काचेवरून डोळा उचलताना तिच्या लक्षात आले की अंगण शांत झाले आहे. कुंपणाबाहेर जमलेल्या बायका तिच्याकडे नाही, तिच्या मागे, टेकडीकडे बघत होत्या.

"तिथं जाऊ नका, आपा," एकजण म्हणाली. "तुम्ही शोधताय ती काचेत दिसायची नाही."

४

खाण म्हणजे टेकडीच्या कुशीत आडवे गेलेले एक भोक. वाकूनच आत जाता येईल एवढे. तोंडाशी बासंती रुद्रपाल वड्या भाजत होती. खोलवरची निबर माती भिजवून, मळून, लाटून कापायची, उन्हात वाळवायची आणि मग भाताच्या तुसाच्या धुरावर मडक्यात भाजायची. अख्खी टेकडी त्या वासाने भरली होती. नाजमुनला तो वास आवडला, आणि आवडला याची तिने नोंद घेतली.

"कच्ची माती विकता का कधी, बासंतीदी?"

"कच्ची द्यायला मी काय नवशिकी आहे? तोडून बघा. मधोमध एकसारखी भाजलेली."

वडी खरोखर आतपर्यंत भाजलेली होती. त्या आचेत जंताचे अंडे टिकले नसते. नाजमुनने चार वड्या कागदात बांधल्या. शिसे वा आर्सेनिक असेल तर प्रयोगशाळेत कळेल. ती विषे आपली वसुली सावकाश करतात, पोटातल्या मुलाकडूनही करतात, आणि त्यांचा हिशेब एक दिवस साऱ्या गावाला चुकता करावा लागेल. पण ती घर बघून येत नाहीत.

"आत कोण आहे?" तिने विचारले.

बासंतीने तुसाची मूठ टाकली. "माझी जाऊ. शैलबाला. पोटुशी होती, स्वतःपुरती माती खणायला आत गेली आणि वरून कडा आला. काढली तेव्हा तोंड कमरुन्निसाच्या घराकडे वळलेलं होतं."

"घर त्याच बाजूला आहे, म्हणून. माणूस उजेडाकडे वळतो."

"असेल. मी काही म्हटलं नाही." तिने मडक्यावरचे झाकण सारखे केले. "प्रत्येक भाजणीतली पहिली वडी मी आत ठेवते. दुसऱ्या दिवशी नसते."

"कोल्हा नेत असेल."

"कोल्हा माती खातो का, आपा? तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून विचारते."

नाजमुनने मनात इतर कारणे तपासली. भाजलेली वडी पावसाने विरघळत नाही. शेळ्या इतक्या आत जात नाहीत. तिने वाकून भोकात पाहिले. आतून थंड हवा येत होती, ओल्या मडक्याच्या वासाची, आणि ती संथपणे येऊन थांबे, मग पुन्हा येई. बाहेरच्या वाऱ्याचा परिणाम, तिने स्वतःला बजावले. बाहेर झाडाचे पान हलत नव्हते.

उतरताना तिच्या ध्यानात आले की आपण मागे वळून बघत नाही आहोत. आणि हे न बघणे सहज घडलेले नाही.

५

लुत्फा विहिरीपाशी भेटली. गाल खरोखरच लाल होते. तिलाही सातवा महिना, आणि कडेवर भरलेली घागर.

"तू किती वड्या खातेस?"

"हळू बोला की!" तिने घराकडे पाहिले. "सासूबाईंचे कान मांजराचे आहेत. मी तांदळाच्या मडक्यात तळाशी ठेवते. दुपारी त्या घोरायला लागल्या की मूठभर काढायची आणि गोठ्यामागे जाऊन खायची. त्या उठायच्या आत चूळ भरून परत."

"आणि गोळी?"

"ती रात्री. झोपताना पाण्याबरोबर. घाण लागते, पण वडी कुठून आणू? त्या शेजारीच झोपतात."

नाजमुन उभीच राहिली. विहिरीत कुणाचा तरी पोहरा आपटला. दोन घरे, एकच खाण, एकच खोके, एकच महिना. एका घरात खाष्ट सासू. दुसऱ्यात मायाळू.

ती जवळजवळ धावतच परत आली. मिनारा भिंतीला टेकून बसली होती, ओठही पांढरे पडले होते.

"मिनारा, शेवटचा प्रश्न. गोळी गिळली, तोंड उघडून दाखवलं. त्यानंतर पहिलं तोंडात काय जायचं?"

"शिकोर," मिनारा म्हणाली. "आम्मा स्वतः भरवायच्या. म्हणजे गंजाची चव जायची. दोन-तीन वड्या खाल्ल्या की मळमळ थांबायची. मोठ्या भाबीला जास्त व्हायची, तिला पाच-सहा द्यायच्या."

६

नाजमुनने अंगणात दोन पेले मांडले आणि कोरा, कडक चहा करायला सांगितला. दिलारालाही बोलावून घेतले. ती आली तशी गर्दी कुजबुजत मागे सरली. कुंपणाशी लुत्फा तिच्या सासूच्या मागे उभी होती.

"तोफाएल, या नेहारुनच्या उरलेल्या गोळ्या. तूच काढ. वरची रंगीत साल धुऊन टाक आणि एकेक गोळी कुटून दोन्ही पेल्यांतल्या कोमट पाण्यात घाल." त्याने घातली. "आता दुसऱ्यात शिकोरचं पीठ. सहा वड्यांचं. ढवळ."

नाजमुनने गाळ खाली बसू दिला. मग तिने दोन्ही पेले दुहेरी फडक्यातून गाळून घेतले.

"चहात लोह पडलं की तो शाईसारखा काळा होतो. लोखंडी कढईत चहा केलेला कुणी पाहिला असेल. पहिल्या पेल्यात ओत."

चहा पडला आणि पेला बघता बघता काळा झाला. तोफाएलने तो वर धरून उजेडात पाहिला, मग दिलाराकडे, मग जमिनीकडे.

"खडूने असं होत नाही," नाजमुन म्हणाली. "गोळी खरी आहे. आता दुसरा."

दुसऱ्या पेल्यात चहा पडला आणि चहाच राहिला. तपकिरी, किंचित मळकट.

"यातही तेवढीच गोळी होती. लोह गेलं कुठे? या गाळात. ही माती लोह धरून ठेवते आणि सोडत नाही. पोटातही तेच होतं. पेला म्हणजे पोट नव्हे, हे मला मान्य आहे. पण मिनाराचं रक्त आणि तिचं काळं शौच हेच सांगतात. गोळीबरोबर माती नको, चहाही नको. खरं तर माती मुळीच नको, पण ते भांडण मी बाळंतपणानंतर करेन."

एवढ्यावरच थांबायचे तिने ठरवले होते. मातीचे नाव घ्यायचे; हाताचे नाही.

"मग लुत्फा?" तोफाएलने विचारले. त्याचा आवाज आता भांडखोर नव्हता. तो फक्त मेळ बसवत होता. "ती तर जास्त खाते."

नाजमुनने फडके पिळले, घडी घातली, पुन्हा उलगडले.

"लुत्फा," कमरुन्निसा म्हणाली, "तू कधी खातेस, पोरी?"

लुत्फाने सासूकडे पाहिले आणि मान खाली घातली. "दुपारी. लपून."

"आणि गोळी?"

"रात्री."

कमरुन्निसा दुसऱ्या पेल्याकडे बघत राहिली. तिचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता.

"मी गोळीवरच द्यायचे," ती म्हणाली. "लगेच. थोरलीला जास्त."

"आम्मा..." तोफाएल पुढे झाला.

"थांब. डॉक्टर आपा, ती खाणीतली नव्हती?"

"नाही, चाची."

"नक्की?"

नाजमुनच्या डोळ्यांपुढे ते थंड श्वास टाकणारे भोक आले. एक शब्द बोलली असती तर या बाईला आसरा मिळाला असता, कुणा दुसऱ्याच्या गुन्ह्याचा. पण मग उद्या पुन्हा कुठल्या तरी अंगणात कुणीतरी मायेने पाठीवरून हात फिरवत बसले असते.

"नक्की," ती म्हणाली.

तोफाएलने मिनाराला उचलून रिक्षात ठेवले. त्याने दिलारालाही मागे बसायला सांगितले; तिच्याकडे न बघता, पण सांगितले. रिक्षा सुरू झाल्यावर आईला हाक मारायला तो वळला. कमरुन्निसा जागची हलली नव्हती. ती मोरीपाशी बसून उजवा हात राखेने घासत होती.

७

मिनाराला रक्त चढले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, नुसत्या पाण्याबरोबर, आणि हळूहळू तिच्या पापण्यांच्या आत रंग परत आला. पूर्ण दिवस भरून तिला मुलगी झाली. बाळंतपणात रक्त गेले, पण जाण्याइतके आता अंगात होते. गावात मात्र बोलले गेले की क्लिनिकचे कुलूप निघाले त्या दिवशी कुणीतरी खाणीत वड्यांनी भरलेली परडी ठेवली होती, म्हणून तिथली बाई शांत झाली. नाजमुनने हे ऐकले आणि खोडून काढायचे श्रम घेतले नाहीत.

ती प्रसूतिकक्षात आली तेव्हा तोफाएल मुलीच्या कानात अजान देऊन मधाची बाटली उघडत होता.

"मध नाही," नाजमुन म्हणाली. "वर्षभर नाही. आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नाही."

"बघ, म्हटलं नव्हतं," मिनारा हसली. मग तिने आवाज उतरवला. "तसंही कोण लावणार होतं, आपा? घरात बाळाला मधाचं पहिलं बोट आम्माचं असतं. आम्मा ताटातही वाढत नाहीत आता. भात आणून ठेवतात आणि लांब होतात."

कमरुन्निसा दाराबाहेर उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. नाजमुन तिच्यापाशी गेली.

"चाची, हात धुवा."

"धुतले आहेत."

"माझ्यासमोर. साबणाने."

तिने नळ सोडला आणि म्हातारीचे हात स्वतःच धुतले, शस्त्रक्रियेआधी धुतात तसे, नखांखालून कोपरापर्यंत. उजव्या हाताची कातडी घासून घासून सोलवटली होती. मग पुसून कोरडे केले आणि नातीला त्यांत ठेवले.

कमरुन्निसाने ती कुणा परक्याची असल्यासारखी धरली. मुलीने मान वळवली, तोंडाने काहीतरी शोधले, आणि आजीच्या बोटाचे टोक सापडताच ते ओठांत पकडले. म्हातारी थिजली. तिने नाजमुनकडे पाहिले.

"स्वच्छ आहे," नाजमुन म्हणाली. "असू दे."

कमरुन्निसाने बोट काढून घेतले नाही. तिने फक्त डोळे मिटले, आणि मुलीने आपणहून सोडेपर्यंत ते उघडले नाहीत.